दोन किल्ल्या : महाबँकेची नव्वद वर्षं

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. कणसं भाजणाऱ्या, कांदाभजी तळणाऱ्या, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बायकांना अंधार पडेपर्यंत उसंत मिळत नाही. त्यांच्यातल्या बाराजणींचा एक बचत गट आहे. गर्दी नसते म्हणून त्यांची बैठक सोमवारी दुपारी भरते. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो तेव्हापासून हिशेबावर नजर टाकायला मला बोलावतात.

गटाचा सगळा कारभार एका पत्र्याच्या पेटीत मावतो. रोकड, प्रत्येकीचं पासबुक, कर्जाची खातेवही आणि इतिवृत्ताची लांब वही. पेटी राहते सचिवबाईंच्या घरी, किल्ली राहते अध्यक्षबाईंच्या कमरेला. पेटी उघडायची तर दोघींनी एकत्र यावं लागतं. भिंतीवर पंचसूत्रीचा तक्ता आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. एकदा बैठक संपताना त्यांच्यातली एक म्हणाली, “काका, आमच्या पेटीवर आम्ही बाराजणी डोळा ठेवतो. आमचे पैसे ज्या बँकेत जातात, तिच्या पेटीवर कोण ठेवतं?”

मी रिझर्व्ह बँक, ऑडिटर, संचालक मंडळ अशी नावं घेतली. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. त्यांच्या गटाचं खातं बँक ऑफ महाराष्ट्रात आहे, म्हणजे आपल्या महाबँकेत. मी त्या बँकेत कधी नोकरीला नव्हतो. माझी एकतीस वर्षं दुसऱ्या बँकेत गेली, त्यातली नऊ शाखांच्या निरीक्षणात. पण बँकेच्या पेटीवर डोळा कोण ठेवतं, तो कधी मिटतो आणि पुन्हा कसा उघडतो, हे सांगायला महाबँकेइतकी योग्य संस्था पुण्यात मला दुसरी दिसत नाही. ती तळाला गेलेली आपण पाहिली आहे आणि वर आलेलीही.

१९३५ साली १ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं कामकाज सुरू झालं. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, १६ सप्टेंबरला, पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला ८ फेब्रुवारी १९३६ रोजी. पुढाकार प्रा. वामन गोविंद काळे आणि डी. के. साठे यांचा. काळे फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत, सरकारच्या टॅरिफ बोर्डावर त्यांनी काम केलं होतं, आणि अर्थकारण मराठीतून समजावून सांगण्याचा त्यांना ध्यास होता. बँक काढणं हा त्यांच्यासाठी त्याच शिकवण्याचा पुढचा भाग असावा असं मला वाटतं. छोट्या व्यापाऱ्याला, कारखाना काढू पाहणाऱ्या तरुणाला भांडवल मिळायचं तर लोकांनी घरात ठेवलेला पैसा एका विश्वासाच्या जागी यायला हवा होता.

पण तो विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? आज ज्याला आपण बँकिंग नियमन कायदा म्हणतो तो यायला १९४९ उजाडलं. तोवर बँकेला मुख्यतः कंपनी कायदाच लागू होता, म्हणजे कायद्याच्या नजरेत बँक आणि कापडाची कंपनी यांत फारसा फरक नव्हता. ठेवीदार बघायचा तो संचालकांचा चेहरा. हा माणूस शब्दाचा पक्का आहे का, याचं घर आपल्याला माहीत आहे का? पुण्यासारख्या गावात हे तपासता येत होतं. संचालक सकाळी मंडईत भेटायचा, संध्याकाळी व्याख्यानाला शेजारच्या खुर्चीत बसायचा. चेहऱ्यावरचा हा विश्वास किती तकलादू असतो हे त्याच काळात दिसलं. १९३८ मध्ये दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. नेमक्या त्याच वर्षी महाबँकेने मुंबईत फोर्टला दुसरी शाखा उघडली. तिसरी १९४० मध्ये डेक्कन जिमखान्यावर. १९४४ मध्ये बँक अनुसूचित झाली आणि १९४६ मध्ये ठेवी एक कोटीच्या पुढे गेल्या. दहा वर्षांत एक कोटी, तेही महायुद्धाच्या धामधुमीत. धावणाऱ्या बँका तेव्हा बऱ्याच होत्या. ही चालत राहिली.

१९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, आणि त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडात, अकोल्याची लक्ष्मी बँकही. अकोल्यातल्या त्या धक्क्याची आठवण आता कुणी फारशी काढत नाही, पण आज प्रत्येक ठेवीदाराला जे संरक्षण आहे त्याच्या मुळाशी पलाई आणि अकोला आहेत. या दोन घटनांनंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, सुरुवातीला माणशी दीड हजार रुपयांपर्यंत. आज ही मर्यादा पाच लाख आहे.

१९६९ च्या १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात महाबँक होती. तिथून पुढची वीस-बावीस वर्षं शाखाविस्ताराची. गावोगावी बँकेची दीपमाळेची खूण दिसू लागली, राज्याच्या बँकर्स समितीचं निमंत्रकपद बँकेकडे आलं, ग्रामीण बँकेचं प्रायोजकत्व आलं. हा भाग सर्वांना माहीत आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्याने संचालक मंडळात कामगारांच्या एका प्रतिनिधीला आणि अधिकाऱ्यांच्या एका प्रतिनिधीला जागा दिली. शाखेतल्या काउंटरवर बसणारा माणूस अध्यक्षाच्या टेबलाशी बसेल, अशी तरतूद. ज्याने ही तरतूद लिहिली त्याला बँक आतून माहीत होती. कर्ज कुठे सडतंय हे सर्वांत आधी शाखेला कळतं.

इथे मला थोडं शाखेच्या आत न्यायचं आहे, कारण सुशासन हा मोठा शब्द मी पहिल्यांदा शिकलो तो स्ट्राँगरूमच्या दारात.

सकाळी साडेनऊला रोकड तिजोरी उघडायची तर दोन किल्ल्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकाच्या किल्लीने तिजोरी हलत नाही. किल्ली कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद रजिस्टरमध्ये होते, वेळ आणि सही घालून. दोन्ही किल्ल्यांचे जोड दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत जपून ठेवलेले असतात. बँकेची प्रत्येक गोष्ट याच घडणीची आहे. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने पास करायची. कर्जाची शिफारस एकाची, मंजुरी दुसऱ्याची. शाखा चालवणारा वेगळा, तिची तपासणी करणारा वेगळा. संचालक मंडळ ही या साखळीतली सगळ्यात वरची दुसरी किल्ली आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हातात पहिली असते. दोघे एकमेकांना ओळखतात, मान देतात, पण एकाने दुसऱ्याची किल्ली सांभाळायला घेतली की तिजोरीला एकच कुलूप उरतं.

आणि हे फार सहज होतं. निरीक्षणात असताना एका शाखेत एका व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं मी तपासत होतो. त्याने दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा, बेतलेली. गोदामात गेलो. दाराजवळच्या दोन रांगांत पोती भरलेली होती; मागच्या रांगांत हात घातला तर आत भुसा. मॅनेजर सज्जन माणूस. त्याने मला चहाला घरी नेलं, मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि म्हणाला, “पार्टी जुनी आहे, सीझन आला की स्टॉक भरेल.” मी अहवालात लिहिलं: ‘साठ्याची नोंदवही अद्ययावत ठेवावी.’ भुसा हा शब्द माझ्या अहवालात कुठेच नव्हता. दीड वर्षाने ते खातं थकलं. त्या मॅनेजरवर कारवाई झाली. माझ्या अहवालाकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. आजही ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

मोठ्या बँकांत याहून वेगळं काही घडत नाही, पोत्यांऐवजी पोलाद आणि वीजप्रकल्प असतात एवढंच.

नव्वदच्या दशकात नरसिंहम समितीनंतर थकीत कर्ज कशाला म्हणायचं याचे नियम कडक झाले. २००४ मध्ये महाबँकेचे समभाग बाजारात आले, सुमारे एक चतुर्थांश मालकी लोकांच्या हाती गेली. शेअर बाजारात नोंदणी झाली म्हणजे सेबीचे नियम आले: स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षण समिती, दर तिमाहीला निकाल. कागदावर आणखी एक कुलूप बसलं. पण अध्यक्ष कोण, संचालक कोण हे ठरवणार दिल्ली. मालकही सरकार, नेमणूक करणारंही सरकार आणि धोरण सांगणारंही सरकार, अशा ठिकाणी संचालकाने हात वर करून ‘हे कर्ज मला पटत नाही’ म्हणायचं ते कुणाच्या बळावर?

२०१४ मध्ये पी. जे. नायक समितीने सरकारी बँकांच्या संचालक मंडळांचा कारभार तपासून पाहिला. अहवालातलं एक निरीक्षण अंगावर काटा आणतं. एका बँकेच्या मंडळापुढे टॅक्सीभाड्याच्या परताव्याचं धोरण आणि थकीत कर्जांच्या वसुलीचं धोरण सारख्याच वजनाने चर्चेला येत होतं. मी निरीक्षणात ज्या शाखा पाहिल्या त्यांतही हेच होतं. छोट्या खर्चाचं व्हाउचर तीन वेळा परत जायचं आणि मोठ्या कर्जाची फाईल एका बैठकीत निघायची.

पुढच्याच वर्षी, २ आणि ३ जानेवारी २०१५ ला, देशभरच्या सरकारी बँकांचे प्रमुख आपल्या पुण्यात जमले. कोंढव्याच्या राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे एनआयबीएममध्ये, ज्ञानसंगम भरला. पंतप्रधान आले, अर्थमंत्री आले. नेमणुकांसाठी स्वतंत्र यंत्रणा हवी ही मागणी तेव्हापासून जोरात पुढे आली आणि २०१६ मध्ये बँक्स बोर्ड ब्यूरो स्थापन झाला. २०२२ मध्ये त्याची जागा वित्तीय सेवा संस्था ब्यूरोने, म्हणजे एफएसआयबीने, घेतली. त्याच २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्ता तपासणी सुरू केली. प्रत्येक बँकेला सांगितलं, मोठी खाती उघडा आणि आत काय आहे ते खरं लिहा. जुनं कर्ज फिटल्याचं दाखवायला नवं कर्ज द्यायचं, मुदत वाढवायची, पुनर्रचना करायची, असे जे आडोसे वर्षानुवर्षं केले गेले होते ते सगळ्या देशात एकदम पडले.

मी खडकवासल्यात राहतो म्हणून असेल, पण त्या काळातले बँकांचे निकाल वाचताना मला पानशेत आठवायचं. १२ जुलै १९६१. वरचं पानशेत धरण नवं होतं, काम पुरं झालेलं नव्हतं, तरी पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरलं गेलं. ते फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खाली आमचं खडकवासलाही गेलं, ब्रिटिशांच्या काळातलं दगडी धरण. दुपारपर्यंत पुण्याच्या पेठा पाण्यात. गळती दिसत होती, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. ते जवान थोर होते, पण पोती रचायची वेळ येण्याआधी कुणीतरी, कधीतरी, ‘यंदा पाणी भरू नका’ असं म्हणायला हवं होतं. याच गावातल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासूनची परंपरा आहे: धरणाची छोटी प्रतिकृती बांधायची, तिच्यावर महापूर सोडायचा आणि ती कुठे खचते ते आधीच पाहायचं. बँकांनाही आता ताण चाचणी घ्यावी लागते. अमुक इतकी कर्जं बुडाली तर भांडवल पुरेल का? प्रश्न एवढाच असतो की चाचणीचा निकाल संचालक मंडळापुढे ठेवताना कुणी त्यातला भुसा झाकत तर नाही ना.

महाबँकेचा भुसा २०१७ पासून दिसू लागला. २०१६-१७ मध्ये १,३७३ कोटींचा तोटा. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेला त्वरित सुधारणा कारवाईखाली घेतलं. बँकेच्या भाषेत पीसीए. म्हणजे नव्या शाखा, मोठी कर्जं, लाभांश, सगळ्यावर लगाम. अशा अकरा सरकारी बँका होत्या, एकवीसपैकी अकरा. मार्च २०१८ ला महाबँकेची ढोबळ अनुत्पादित कर्जं १९.४८ टक्क्यांवर गेली, म्हणजे दिलेल्या दर शंभर रुपयांपैकी जवळजवळ वीस रुपये अडकलेले. त्या वर्षीचा तोटा १,१४६ कोटी. त्याच्या सुमारे वर्षभर आधी यूपीआयच्या प्रणालीतल्या एका चुकीमुळे शिल्लक नसलेल्या खात्यांतूनही पैसे निघून गेले आणि बँकेला २५ कोटींच्या आसपास फटका बसला. तंत्रज्ञान विकत घेतलं की त्यावरची देखरेखही मंडळाचीच जबाबदारी होते, हा धडा बँकेला महाग पडला.

आणि मग २० जून २०१८. पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्यावरच्या ठेवीदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, एका कार्यकारी संचालकाला, एका माजी अध्यक्षाला आणि एका झोनल मॅनेजरला अटक केली. सरकारी बँकेचा विद्यमान प्रमुख पोलीस कोठडीत. पुण्यातल्या प्रत्येक बँक कर्मचाऱ्याच्या घरात त्या रात्री दुसरा विषय नव्हता. माझ्या ओळखीतले एक निवृत्त अधिकारी, कधी आवाज न चढवणारे, फोनवर रडले. नऊ दिवसांनी संचालक मंडळाने अटकेतल्या अधिकाऱ्यांचे अधिकार काढून घेतले. पुढे पोलिसांनीच न्यायालयात पुरेसा पुरावा नसल्याचं सांगितलं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अधिकार परत मिळाले ते ३० नोव्हेंबरला, निवृत्तीच्या दिवशी.

या घटनेबद्दल माझं मत मी दडवत नाही. ठेवीदारांची फसवणूक झाली असेल तर तपास झालाच पाहिजे आणि बँकेचा माणूस म्हणून कुणाला सूट नको. पण कर्ज बुडणं हा आपोआप गुन्हा होत नाही. कर्ज देणाऱ्याला अंदाज करावा लागतो आणि काही अंदाज चुकतात. चुकीचा अंदाज आणि लबाडी यांतला फरक सांगणारी एकच गोष्ट असते: त्या दिवशी फाईलवर कुणी काय लिहिलं होतं. विरोधाचं मत नोंदलं होतं का, जोखीम विभागाचा शेरा होता का, मंडळाच्या इतिवृत्तात प्रश्न विचारल्याचा उल्लेख आहे का. नीट लिहिलेली फाईल प्रामाणिक अधिकाऱ्याला वाचवते आणि अप्रामाणिकाला पकडून देते. त्याच वर्षी जुलैमध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारी अधिकाऱ्याने कामाच्या ओघात घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीआधी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. त्याबद्दल वाद आहेत. पण अटकेनंतर कित्येक महिने पुण्यातल्या शाखांत सही करायला हात धजत नव्हता, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये ए. एस. राजीव यांनी सूत्रं घेतली. पुढची गोष्ट आकड्यांत सांगितली तर चमत्कार वाटते, पण त्यातला पहिला आकडा नीट पाहावा. त्या डिसेंबर तिमाहीत बँकेने साडेतीन हजार कोटींहून अधिक तोटा जाहीर केला. बुडालेल्या कर्जांसाठी तरतूद करून टाकली, दुखणं पुढे ढकललं नाही. तरतूद केल्यामुळे निव्वळ अनुत्पादित कर्जं सहा टक्क्यांच्या खाली आली, भांडवल निकषात बसलं, आणि ३१ जानेवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेने महाबँकेला पीसीएतून मोकळं केलं. वर्षाचा एकूण तोटा ४,७८४ कोटी, बँकेच्या इतिहासात बहुधा सर्वांत मोठा. माझ्या मते बँकेच्या वाटचालीतला सर्वांत प्रामाणिक ताळेबंद तोच. भुशाला भुसा म्हटलं होतं.

हे करता आलं कारण मागे सरकारचं, म्हणजे करदात्यांचं, भांडवल आलं. सरकारची मालकी नव्वद टक्क्यांच्या वर गेली. हे विसरून बँकेचं कौतुक करणं बरं नाही. त्यात खडकवासल्याच्या भजीवाल्या बायकांच्या तेलावरचाही कर आहे.

त्यानंतर कल बदलला. मोजक्या बड्या उद्योगांना शेकडो कोटी देण्यापेक्षा घर, शेती, छोटे उद्योग अशी पसरलेली कर्जं. ठेवींत निम्म्याहून अधिक वाटा बचत आणि चालू खात्यांचा, म्हणजे स्वस्त आणि टिकाऊ पैशाचा. २०१९-२० मध्ये ३८९ कोटींचा नफा, २०२१-२२ मध्ये १,१५२ कोटी, २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटी. ढोबळ अनुत्पादित कर्जं मार्च २०२५ ला १.७४ टक्के. साडेएकोणीसवरून पावणेदोनवर, सात वर्षांत. राजीव पुढे केंद्रीय दक्षता आयोगावर गेले आणि मार्च २०२४ पासून निधू सक्सेना बँकेचे प्रमुख आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बँकेला नव्वद वर्षं झाली.

ज्या बँकांना हे घडवता आलं नाही त्याही आपल्याच मातीतल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये सुरू झाली, महाबँकेच्याच वर्षी. भांडवल आटत गेलं, २००६ च्या सप्टेंबरमध्ये व्यवहारांवर स्थगिती आली आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. आणि आपली रुपी सहकारी बँक. १९१२ पासून पुण्याची, नोकरदारांची, पेन्शनरांची. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि साडेनऊ वर्षं ठेवीदार वाट पाहत राहिले. विलीनीकरणाची बोलणी झाली आणि फिसकटली. २२ सप्टेंबर २०२२ पासून परवाना रद्द. विमा महामंडळाने त्याआधीच ७०० कोटींहून अधिक रक्कम ठेवीदारांना दिली होती, पण पाच लाखांच्या वरचे ज्यांचे होते ते लटकले. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत त्या काळी सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची बोलणी मी ऐकली आहेत. “व्याज नको, मुद्दल द्या,” एवढंच म्हणायचे. सहकारी बँकांत संचालक सभासदांतून निवडून येतात, तो शेजारचा, ओळखीचा, कधी नात्यातला असतो. १९३६ च्या पुण्यात जो चेहरा विश्वास देत होता, तोच चेहरा इथे ‘नाही’ म्हणायला अडसर झाला. रिझर्व्ह बँकेने मोठ्या नागरी सहकारी बँकांना निवडून आलेल्या मंडळाखेरीज व्यावसायिकांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं ते २०१९ च्या शेवटी, रुपीच्या ठेवीदारांना फार उशिरा.

महाबँकेच्या आजच्या सुस्थितीतही मला दोन गोष्टी बोचतात. सरकारी बँकांच्या मंडळांवर कामगार आणि अधिकारी संचालकांच्या जागा गेली कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणावर रिकाम्या पडल्या आहेत. १९७० च्या कायद्यातली ती शहाणी तरतूद कागदावर आहे, खुर्ची मोकळी आहे. आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२१ मध्ये संचालक मंडळांसाठी जे कडक नियम काढले, स्वतंत्र अध्यक्ष, समित्यांची रचना, कार्यकाळाची मर्यादा, ते खाजगी बँकांना पूर्णपणे लागू आहेत, राष्ट्रीयीकृत बँकांना मात्र त्यांच्या स्वतःच्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढेच. नफा चांगला आहे तेव्हाच हे दुरुस्त करायला हवं. पावसाळ्यात धरणाची डागडुजी होत नाही.

गेल्या सोमवारी गटाची बैठक होती. एकीने वीस हजारांचं कर्ज मागितलं, मुलाच्या गाडीच्या डाउन पेमेंटसाठी. तिचे आधीचे दोन हप्ते राहिलेले. अध्यक्षबाई तिची सख्खी जाऊ. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षबाईंनीच विचारलं, “हप्ते कधी भरणार, ते आधी सांग.” ती गप्प राहिली. सचिवबाईंनी वही पुढे ओढली आणि मोठ्याने वाचत लिहिलं: विषय तीन, कर्जमागणी, दोन हप्ते थकीत असल्याने नामंजूर. मग वही फिरवून तिच्यापुढे ठेवली. तिने आधी जावेकडे पाहिलं, मग पेन घेतलं आणि सही केली. अध्यक्षबाईंनी कमरेची किल्ली काढून पेटी लावली, आणि पेटी सचिवबाईंनी उचलून घरी नेली.